श्वास रोखून भरलेली हवा

हवा गोळा करणं हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय. हे ऐकलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे प्रदूषण मोजता का?" नाही. धूळ, धूर, गंधक मोजणारे वेगळे. आमचं काम त्याच्या उलट. कुणाच्याही चुलीचा, गाडीचा, कारखान्याचा थेट स्पर्श न झालेली हवा शोधायची, बाटलीत भरायची आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती, प्राणवायू किती, ते मोजायचं. तेही असं, की वीस वर्षांनी येणाऱ्याला त्याचा आकडा आमच्या आकड्याशेजारी निःशंकपणे मांडता यावा. माझी काही वर्षं सह्याद्रीत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर गेली, मधली काही परदेशातल्या एका प्राणवायू मोजणाऱ्या प्रयोगशाळेत. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना जे तोंडी सांगत आले ते इथे उतरवून काढते आहे. क्रमात काही योजना नाही.

१. स्वच्छ हवेला पत्ता नसतो, वेळ असते

नवखी मुलं नकाशा उघडून जागा शोधू लागतात. शहरापासून दूर, उंच, निर्मनुष्य. जागा हवीच, पण ती अर्धीच गोष्ट. जगातली सर्वांत प्रसिद्ध जागा घ्या. हवाई बेटांवरचं मौना लोआ, समुद्रसपाटीपासून ३,३९७ मीटर, चहूकडे प्रशांत महासागर. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांचं यंत्र तिथे मार्च १९५८मध्ये सुरू झालं आणि पहिला आकडा ३१३ पीपीएमच्या आसपास आला, म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ३१३ रेणू कार्बन डायऑक्साइडचे. पण मौना लोआ हा जागता ज्वालामुखी आहे! रात्री वारा डोंगरावरून खाली उतरतो तेव्हा शिखराजवळच्या भेगांमधला वायू कधीकधी यंत्रापर्यंत येतो. दिवसा वारा उलटा चढतो आणि खालच्या झाडीने कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेली हवा वर आणतो. मग खरा आकडा कोणता? ज्या तासांत आकडा हलत नाही, वाऱ्याची दिशा ठीक असते, ते तास धरायचे आणि बाकीचे बाजूला ठेवायचे. ज्वालामुखीवर बसून जगाची हवा मोजता येते ती या निवडीमुळे.

पुण्याहून तीसेक किलोमीटरवरच्या सिंहगडावर २००९पासून कार्बन डायऑक्साइडसाठी हवेचे नमुने घेतले जाऊ लागले. आमची वेळ दुपारची. रात्री थंड हवेचा थर जमिनीला चिकटून बसतो, झाडं आणि माती जो वायू सोडतात तो त्यातच साठतो. सकाळी मोजलं तर तो त्या उताराचा हिशेब होतो. दुपारी ऊन तापलं की हवा खालपासून वरपर्यंत ढवळली जाते आणि बाटलीत आसपासच्या मोठ्या प्रदेशाची हवा येते. अडचण एवढीच, की सिंहगडावर दुपार ही पिठलं-भाकरीचीही वेळ. चुली पेटलेल्या, धूर वाऱ्यावर. त्यामुळे पहिलं काम यंत्र उघडणं नव्हे, वारा कुठून येतोय ते पाहणं. चुली, वाहनतळ, आपली स्वतःची गाडी, सगळं वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील अशी जागा धरायची. एक मावशी नेहमी विचारायच्या, "ताई, एवढी हवा इथं फुकट हाय, अन् तुम्ही ती डबीत भरून पुण्याला नेता?" एकदा मी त्यांना विचारलं, "मावशी, वारा कधी फिरतो हो?" त्यांनी कोणत्या महिन्यात किती वाजता धूर डोळ्यात येतो आणि कधी जात नाही, ते सगळं सांगितलं. ते माझ्या वहीत अजून आहे, आणि हवामानाच्या नोंदींशी बरंच जुळतं.

गोव्याच्या दक्षिणेला काणकोण तालुक्यात काबो द रामचा किल्ला आहे. तिथल्या कड्यावर १९९३ ते २००२ या काळात हवेचे नमुने भरले गेले आणि मोजणीसाठी ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संस्थेकडे गेले. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा त्यात सहभागी होती. भारतातल्या जुन्या नोंदींमध्ये ही मोलाची. जून ते सप्टेंबर तिथे वारा अरबी समुद्रावरून येतो, थेट दक्षिण गोलार्धातून निघालेला. हिवाळ्यात तोच वारा पालटतो आणि जमिनीवरची हवा समुद्राकडे नेतो. एकाच कड्यावर उभं राहून वर्षभरात दोन वेगळ्या जगांची हवा मिळते. पाठ्यपुस्तक म्हणतं, समुद्रावरची हवा खरी, जमिनीवरची मळलेली. हे मला कधीच पटलं नाही. जगाची पातळी किती, हा प्रश्न असेल तर समुद्राकडची हवा बघा. पण आपला देश हवेत काय सोडतो आणि आपली शेतं, जंगलं त्यातलं किती परत घेतात, याचं उत्तर जमिनीकडून येणाऱ्या हवेतच आहे.

२. सर्वांत मोठा भेसळखोर बाटली धरून उभा असतो

उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे चाळीस हजार पीपीएम. भोवतालच्या हवेत सव्वाचारशे. म्हणून बाटली उघडण्याआधी वाऱ्याकडे तोंड करा, दीर्घ श्वास घ्या, रोखा, हात लांब करा, तोटी फिरवा, बंद करा, मग सोडा. कीलिंग यांच्या काळात निर्वात केलेल्या काचेच्या बाटल्या अशाच भरत. आता पंप आणि लांब नळी असते, तरी नळीच्या तोंडाजवळ गप्पा मारत उभं राहू नये. पर्यटकांना हे समजावणं कठीण जातं. "काका, जरा पलीकडे श्वास घ्या," हे वाक्य कितीही नम्रपणे म्हटलं तरी भांडण लागतं.

३. प्रत्येक आकड्याला पूर्वज असतात

यंत्र कार्बन डायऑक्साइड "मोजत" नाही. ते फक्त सांगतं, की या बाटलीतली हवा त्या सिलिंडरमधल्या हवेपेक्षा अवरक्त प्रकाश इतका जास्त किंवा कमी शोषते. त्या सिलिंडरमध्ये किती आहे, हे दुसऱ्या सिलिंडरवरून ठरलेलं असतं आणि त्या दुसऱ्याचं तिसऱ्यावरून. घराघरांत विरजण असंच चालत आलेलं असतं. आजचं दही कालच्या चमचाभर दह्यावर लागतं, आणि एका दिवसाचं बिघडलं की पुढचं सगळं बिघडतं. आमच्या विरजणाचं मूळ घर सध्या अमेरिकेत बोल्डर इथे आहे. जागतिक हवामान संघटनेच्या वतीने नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेची तिथली प्रयोगशाळा मूळ सिलिंडर सांभाळते. त्याआधी १९९५पर्यंत हा मान कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेकडे होता. तिथे कीलिंग यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रव नायट्रोजनने गोठवून वेगळा केला आणि ठरलेल्या आकारमानात पाऱ्याच्या स्तंभाने त्याचा दाब मोजला. त्या पहिल्या मोजणीत तुलना कशाशीच नव्हती, फक्त पारा, काच आणि तापमान.

उत्तर गोलार्धात दोन प्रयोगशाळांचे आकडे ०.१ पीपीएमच्या आत जुळावेत, अशी अपेक्षा असते. पण बोल्डरने २०१९ची नवी मोजपट्टी आणली तेव्हा चारशेच्या आसपासचे सगळे आकडे सुमारे ०.१८ने वर सरकले. हवा तीच, बाटली तीच, मोजपट्टी सुधारली. मोजपट्टीचं नाव न लिहिता नुसता आकडा ठेवलेल्या जुन्या वह्या त्या दिवशी कोड्यात पडल्या. म्हणून आकड्यापुढे मोजपट्टीचं नाव लिहाच. आणि सीलबंद सिलिंडर या देशातून त्या देशात फिरवून प्रत्येकाला मोजायला लावण्याची जी रीत आहे, तिला परीक्षा समजून घाबरू नका.

४. "यंदा नवीन काय?" या प्रश्नाची तयारी ठेवा

वार्षिक आढाव्याच्या बैठकीत हा प्रश्न येतोच. नेहमीचंच काम आहे तर त्याला संशोधनाचे पैसे का द्यायचे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडेच असं आहे, असं मला आधी वाटायचं. मग कीलिंग यांनी १९९८मध्ये लिहिलेल्या प्रदीर्घ आठवणी वाचल्या आणि कळलं, की जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या नोंदीचा धनीही आयुष्यभर हेच उत्तर देत होता. १९६४च्या वसंतात पैशांअभावी मौना लोआची मोजणी काही महिने थांबली. मौना लोआच्या आकड्यांचा मूळ आलेख, म्हणजे कीलिंग वक्र, पाहिलात तर ती फट आजही दिसते.

आणि गंमत अशी, की पहिल्या वर्षी खंड पडल्यामुळेच कीलिंग जवळजवळ फसले होते. १९५८च्या वसंतात आकडा चढला, मग वीज गेली. पुन्हा सुरू केलं तर आकडा मार्चपेक्षाही खाली. पुन्हा वीज गेली. तुकडे जुळेनात, यंत्र खोटं बोलतंय की हवाच विस्कळीत आहे, काही कळेना. दुसऱ्या वर्षी तोच चढउतार त्याच महिन्यांत आला तेव्हा उलगडा झाला. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात पालवून वायू ओढून घेतात आणि हिवाळ्यात पानं कुजताना तो परत करतात. मौना लोआला मे महिन्यात माथा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ, मधलं अंतर सहा-सात पीपीएम. दक्षिण ध्रुवावर हे अंतर जेमतेम एक. एका वर्षाच्या तुकड्यात हे दिसलं नसतं. आणि दर वर्षीचा माथा आदल्या वर्षीपेक्षा वर आहे, हे कळायलाही एकाहून जास्त वर्षांची नोंद लागली. २०१३च्या मे महिन्यात दिवसाची सरासरी पहिल्यांदा ४००च्या वर गेली. २०२५च्या मे महिन्याची सरासरी ४३०च्या पुढे होती.

तेव्हा "नवीन काय?" याला माझं उत्तर ठरलेलं: नवीन काही नाही, गेल्या वर्षीचंच यंदाही केलं. हे वाक्य बैठकीत चांगलं दिसत नाही. तरी म्हणावं. २०२५मध्ये अमेरिकेच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात मौना लोआचाच निधी काढायची सूचना होती, तेव्हा आपण एकटे नाही.

ज्वालामुखी मात्र आढावा घेत नाही. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्हाने रस्ता आणि विजेची लाईन तोडली. काही दिवसांतच शेजारच्या मौना केआवर मोजणी सुरू झाली. आपणही आधीच डोकं चालवून ठेवावं, की एक यंत्र बंद पडलं तर दुसरं कुठे लावायचं.

५. प्राणवायू मोजा, कार्बन डायऑक्साइड एकटा अर्धंच सांगतो

या कामाची खरी गोडी मला इथे लागली, म्हणून जरा पसरून लिहिते.

कोळसा, तेल, वायू जाळून आपण जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला निम्म्याच्या आसपास हवेत उरतो. उरलेला जातो कुठे? समुद्रात की झाडामातीत? नुसता कार्बन डायऑक्साइड मोजून हे कळत नाही. हवेतून नाहीसा झाला एवढंच कळतं. इथे प्राणवायू साक्षीला येतो. झाड एक रेणू कार्बन डायऑक्साइड घेतं तेव्हा साधारण एक रेणू, नेमकं म्हणायचं तर १.१, प्राणवायू सोडतं. समुद्र मात्र कार्बन डायऑक्साइड रासायनिकरीत्या जिरवून घेतो आणि बदल्यात प्राणवायू देत नाही. म्हणजे समुद्राने घेतलेल्याची खूण प्राणवायूत उमटत नाही, झाडांनी घेतलेल्याची उमटते. जाळण्यात किती प्राणवायू खर्च झाला, हे इंधनाच्या हिशेबावरून माहीत असतं: कोळशाला दर रेणूमागे सुमारे १.२, तेलाला १.४, नैसर्गिक वायूला २. अपेक्षेपेक्षा प्राणवायू जितका कमी घटला तितकं श्रेय झाडामातीचं, उरलेलं समुद्राचं. दोन अज्ञात, दोन समीकरणं, शाळेतलं बीजगणित. समुद्र तापला की त्यातला थोडा प्राणवायू बाहेर येतो, तेवढी दुरुस्ती करावी लागते, पण हिशेबाचा कणा हाच.

मग हे आधी कुणी का केलं नाही? कारण हवेत दहा लाखांत सुमारे २,०९,४०० रेणू प्राणवायूचे, आणि त्यातले वर्षाला चारेक कमी होतात. १९७०मध्ये मॅक्टा आणि ह्यूज यांनी काळजीपूर्वक मोजून निष्कर्ष काढला, की १९१०पासून प्राणवायूत काही बदल दिसत नाही. त्यांची मोजणी चुकीची नव्हती, तेवढा बारीक बदल दाखवण्याइतकी ती बारीक नव्हती. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ यांनी १९८०च्या दशकात हार्वर्डमध्ये पीएचडीसाठी नेमका हाच प्रश्न घेतला. प्रकाशाच्या दोन वेगवेगळ्या तरंगलांबी हवेत किती वाकतात, यातला सूक्ष्म फरक मोजून त्यांनी प्राणवायू आणि नायट्रोजन यांचं गुणोत्तर काढलं. १९८९पासून कॅलिफोर्नियातल्या ला होयाच्या किनाऱ्यावर नोंद सुरू झाली, पुढे आर्क्टिकपासून दक्षिण ध्रुवापर्यंत बाटल्या येऊ लागल्या. कार्बन डायऑक्साइडचा वक्र चढतो, प्राणवायूचा उतरतो. एक चढतो त्यापेक्षा दुसरा जास्त उतरतो, आणि त्या फरकातच समुद्राचा वाटा लपलेला. बापाने प्रश्न उभा केला आणि मुलाने त्याचं दुसरं टोक धरलं, असं विज्ञानात फार वेळा घडत नाही.

६. सिलिंडर आडवा ठेवा

परदेशातल्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मला कुणी समीकरण शिकवलं नाही. एका मोठ्या उष्णतारोधक पेटीत सगळे सिलिंडर आडवे निजवलेले दाखवले. आपल्याकडे गॅसचा सिलिंडर आडवा करणाऱ्याला ओरडा बसतो! कारण असं: प्राणवायूचा रेणू नायट्रोजनपेक्षा जड. उभ्या सिलिंडरचं एक टोक गार आणि दुसरं कोमट असलं, की जड रेणू गार टोकाकडे किंचित जास्त जमतात. इतर कुणाला कळणारही नाही इतका हा फरक, पण आम्ही दहा लाखांत एक शोधत असतो. आडवा ठेवला, तापमान सारखं ठेवलं, की प्रश्न पुष्कळसा सुटतो.

एकदा हे कळलं की सगळीकडे शंका येऊ लागते. उन्हात तापलेलं नळीचं तोंड, नळीला काढलेला फाटा, व्हॉल्व्हमधलं रबरी कडं, सगळं प्राणवायू-नायट्रोजनचं प्रमाण किंचित बिघडवू शकतं. काचेची बाटली महिनोन्‌महिने पडून राहिली तर रबरातून वायू झिरपतात. कार्बन डायऑक्साइडसाठी उत्तम असलेली नळीजोडणी प्राणवायूसाठी निकामी ठरू शकते, हे लक्षात ठेवा. कार्बन डायऑक्साइडवर काम केलेली माणसं इथे येऊन दोन-तीन महिने वैतागलेली असतात.

आणि एक. प्राणवायूला पाऱ्यासारखा मूळ आधार नाही. शून्य म्हणजे स्क्रिप्समध्ये १९८०च्या दशकाच्या मध्याला सिलिंडरांत भरून ठेवलेली हवा. त्यापेक्षा आजची किती कमी, एवढंच मोजायचं. त्या सिलिंडरांची किती काळजी घेतली जात असेल, याची कल्पना करा.

७. "प्राणवायू संपणार का?" याचं उत्तर शांतपणे द्या

दर काही महिन्यांनी एखादी बातमी येते आणि नातेवाईकांचे फोन येतात. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी तर घरात प्राणवायूचं यंत्र घ्यायची तयारी केली होती. त्यांना सांगितलं तेच सांगते. वॉलेस ब्रोकर यांनी १९७०मध्येच हिशेब केला होता, की माहीत असलेलं सगळं खनिज इंधन जाळलं तरी प्राणवायूचा साठा तीन टक्क्यांनीही घटणार नाही. मुंबईच्या चौपाटीवरून सिंहगडाच्या माथ्यावर गेलात तर हवेचा दाब कमी असल्याने एका श्वासात सुमारे एक सप्तमांश प्राणवायू कमी मिळतो, आणि तिथे आपण दही मागवतो. प्राणवायूची घट श्वासासाठी धोक्याची नाही. ती कार्बन कुठे गेला ते सांगते. तापमानवाढ करतो तो दुसरा वायू, कार्बन डायऑक्साइड. जाऊबाई म्हणाल्या, "मग तू मोजतेस कशाला?" तेव्हा त्यांना पाचवा मुद्दा सगळा ऐकवावा लागला.

८. न विचारलेल्या प्रश्नासाठी थोडी हवा राखून ठेवा

टास्मानियातल्या केप ग्रिम इथे १९७८पासून स्वच्छ हवा द्रव नायट्रोजनने थंड करून सिलिंडरांत साठवली जाते. साठवणाऱ्यांना प्राणवायूचा हिशेब माहीत नव्हता. ती पद्धतच नंतर आली. पण पुढे त्याच जुन्या सिलिंडरांतून प्राणवायूचा मागचा इतिहास काढता आला. आपल्याकडे बाटली मोजून झाली की हवा पंपाने काढून टाकतो, कारण बाटली परत लागते. समजण्यासारखं आहे, पण मला ते दर वेळी खटकतं. काबो द रामच्या नोंदीत २००२नंतर काही वर्षं खंड आहे. त्या वर्षांची एक-दोन सिलिंडर हवा कुणाच्या कोठारात असती तर आज किती उपयोग झाला असता!

९. नोंदवहीत पेन्सिलीने लिहा, आणि सगळं लिहा

पेन्सिलीने, कारण कोकणात जुलैत शाई टिकत नाही. आणि वेळ, वारा, ढग एवढंच नव्हे. कुणी फटाके लावले, वाहनतळावर बस चालू ठेवली होती, मावशींची चूल कधी पेटली, नळी बदलली, तोटी घट्ट होती, सगळं. मराठीत लिहा, चालेल. एका मार्चमधल्या नमुन्याचा आकडा शेजारच्या आठवड्यांपेक्षा पुष्कळ वर होता. अनेक वर्षांनी एक विद्यार्थी तो धागा पकडून मोठ्या उत्साहाने माझ्याकडे आला. वही काढली. समासात गिचमिड अक्षरात: "खालच्या उतारावर वणवा, वारा तिकडूनच." ती ओळ नसती तर तो आकडा एक तर मुकाट्याने खोडला गेला असता, नाहीतर एखाद्या शोधनिबंधात शोध म्हणून छापून आला असता.